थाट तोच, भाव वेगळा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० साली आला. दुर्गेचं बळ घेऊन भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. अशा गेममध्ये कोणत्या सुरांनी कोणता भाव जागवायचा?

प्रश्न जुनाच आहे. नाट्यशास्त्राने गांधार-निषाद करुण रसाला दिले. पुढे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी राग १० थाटांत बसवले आणि कोमल गांधार-निषादाचे राग वीररसाकडे नेले. भरताचं सप्तकही आजच्या काफीच्या जवळचं मानतात, म्हणजे त्यातले गांधार-निषादही कोमलच. तरी दोन्ही याद्या जुळत नाहीत!

आता भैरवी थाट घ्या. त्याचे सूर म्हणजे पाश्चात्त्यांचा फ्रिजियन मोड. तिकडे पडद्यावर तो बऱ्याचदा धोका सुचवतो. आपल्याकडे भैरवीने मैफल संपते. सूर तेच, मग फरक कशाने पडतो? चलन, लय, वाद्य आणि कानाची सवय यांनी. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ऐकलाय ना? संबळाची लय चढते तेव्हा अंगावर येणारा काटा थाट विचारून येत नाही.

म्हणून ‘हा मोड म्हणजे हा भाव’ असा तक्ता दिसला, की आधी विचारा: कोणाच्या कानांसाठी?