लागोस ते नैरोबी : अंतर आणि उड्डाणाचा वेळ

१. मूळ मजकुरात हा विमानप्रवास ‘सात तासांचा’ म्हटला आहे. हा आकडा दोन शहरांच्या घड्याळांतून आला असावा. लागोसहून दुपारी १२ वाजता सुटलेले थेट विमान नैरोबीला तिथल्या संध्याकाळी ७ च्या सुमारास उतरेल हे खरे. पण नैरोबीचे घड्याळ २ तास पुढे असते. अंतराचा हिशेबही पाचच तास सांगतो. सरळ हवाई अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर, जेटचा वेग ताशी ८५०च्या आसपास, म्हणजे साडेचार तास. त्यात चढणे-उतरणे आणि धावपट्टीवरचा खोळंबा. समोरच्या वाऱ्याने उशीर होत असेल, असे कोणी म्हणेल. पण दोन तास वाढायला वाटभर ताशी अडीचशे किलोमीटरहून जोराचा वारा हवा, आणि विषुववृत्तालगत तसा वारा नसतो. वळसा धरला, तर तो सुमारे १,७०० किलोमीटरचा पडेल. घड्याळावरच भिस्त ठेवायची, तर परतीचा प्रवास तीन तासांचा ठरतो. त्यासाठी विमानाला आवाजाच्या वेगापुढे जावे लागेल. वाचक अशाच आकड्यांवरून आफ्रिकेच्या विस्ताराचा अंदाज बांधतो, म्हणून ही दुरुस्ती आवश्यक वाटली. मजकुरातला ‘सात’ मात्र तसाच ठेवला आहे.