गाठीला नाव देताना : डॉ. आर्थर पर्डी स्टाऊट

रुग्णालयाच्या बाकावर बसून तपासणीच्या अहवालाची वाट पाहणे आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याला वारंवार येते. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका विशीतल्या तरुणाच्या हातावर, कोपराच्या थोडे खाली, गाठ आली. तीन आठवड्यांत ती सुपारीएवढी झाली. तुकडा काढून तपासला, तेव्हा पहिल्या अहवालात कर्करोगाचा संशय व्यक्त झाला होता. काच दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवण्यात आली. त्या आठ दिवसांत मुलाचे आजोबा आम्हांस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होते, “फादर, पोराचा हात राहील ना?” आठव्या दिवशी उत्तर आले. गाठ ‘नोड्युलर फॅसिआयटिस’ ह्या जातीची होती. ती झपाट्याने वाढते, सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसते, पण जिवावर उठत नाही. हात राहिला. आजोबांनी विचारले, “हे ज्यांनी ओळखले, त्या डॉक्टरांना भेटता येईल का?” ते डॉक्टर दुसऱ्याच इमारतीत बसत होते आणि त्यांनी त्या मुलाला कधी पाहिलेही नव्हते.

रोग्याला न भेटता त्याच्या जीवनमरणाचा निवाडा देणाऱ्या ह्या विद्येला शल्य-विकृतिशास्त्र म्हणतात. त्या आठ दिवसांनंतर आम्ही ह्या विद्येचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. त्यात न्यूयॉर्कच्या डॉ. आर्थर पर्डी स्टाऊट ह्यांचे नाव जागोजागी भेटले. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, आणि त्याला एक विशेष कारण आहे. ह्या गृहस्थांनी गाठींना जी नावे दिली, त्यांतील काही प्रमुख नावे आज पुसली गेली आहेत. तरीही त्यांचे कार्य टिकून आहे. असे का व्हावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

स्टाऊट ह्यांचा जन्म १८८५ साली न्यूयॉर्क शहरात झाला. १९०७ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. त्यांचे शिक्षण शल्यचिकित्सकाचे होते. त्या काळी विकृतिशास्त्रज्ञ म्हटला की तो प्रामुख्याने शवविच्छेदनगृहातला माणूस. मृत्यू कशाने आला, हे तो सांगे. जिवंत रोग्याच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याचा अर्थ लावण्याचे काम अनेक ठिकाणी शल्यचिकित्सक स्वतःच करीत. कोलंबियाची ही प्रयोगशाळादेखील शल्यचिकित्सा विभागाच्याच छत्राखाली होती. तेथे स्टाऊट रमले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. १९३२ साली त्यांनी मानवी कर्करोगावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तथापि त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मृदू ऊतकांच्या गाठींशी.

मृदू ऊतके म्हणजे स्नायू, चरबी, तंतुमय ऊतक, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची वेष्टने. हाडे आणि अंतर्गत इंद्रिये वगळता आपल्या देहाचा फार मोठा भाग ह्यांचाच असतो. ह्या ऊतकांत येणाऱ्या गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. ढोबळ मानाने अशा शंभर गाठींमागे एखादीच घातक निघते. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत ह्या घातक गाठींचा, म्हणजे ‘सार्कोमा’चा, वाटा सुमारे एक टक्का आहे. त्यांच्या जाती मात्र अनेक. साहजिकच एखाद्या डॉक्टराला संपूर्ण कारकिर्दीत त्यांतील एखादी जात एकदाच दिसेल, किंवा कधीच दिसणार नाही. जे कधी पाहिले नाही, ते ओळखायचे कसे?

तपासणीची रीत वरवर साधी आहे. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग तो मेणात बसवून त्याची वडी करतात. त्या वडीचा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ काप घेऊन तो काचेवर चढवतात आणि निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवतात. पुढे सारा भार पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि स्मरणावर असतो. स्टाऊट ह्यांनी आपल्या स्मरणाला संग्रहाची जोड दिली. ठिकठिकाणचे डॉक्टर न उलगडलेल्या काचा त्यांच्याकडे पाठवीत. ते त्यांवर मत देत, त्या जपून ठेवीत आणि त्या रोग्याचे पुढे काय झाले ह्याचीही नोंद ठेवीत. त्यांचे निबंध वाचताना हे जाणवते. गाठीच्या वर्णनापाशी ते थांबत नाहीत. गाठ परत आली का, रोगी किती वर्षे जगला, हेही ते सांगतात. १९५३ साली वॉशिंग्टनच्या सैन्यदल विकृतिशास्त्र संस्थेच्या चित्रसंग्रहमालेत त्यांचे ‘मृदू ऊतकांच्या गाठी’ ह्या विषयावरील पुस्तक निघाले, आणि विखुरलेल्या ह्या ज्ञानाला एक घर मिळाले.

त्यांच्या सहकारी डॉ. मार्गारेट मरे ह्यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. त्या जीवशास्त्रज्ञ होत्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा ताजा तुकडा त्या काचपात्रात जिवंत ठेवीत आणि त्यातून पेशी कशा बाहेर सरकतात हे पाहत. गाठ कोणत्या पेशीपासून जन्मली हे तिच्या वागण्यावरून कळावे, अशी ही कल्पना होती. मज्जातंतूच्या वेष्टनावरील गाठ साध्या तंतुपेशीची की थिओडोर श्वान ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेष्टनपेशीची, हा तेव्हाचा वाद होता. १९४० साली मरे आणि स्टाऊट ह्यांनी श्वान पेशीच्या बाजूने कौल दिला. तो पुढे खरा ठरला.

दोनच वर्षांनी, १९४२ मध्ये, ह्या दोघांनी त्याच पद्धतीने आणखी दोन गाठींचा शोध घेतला. फुप्फुसाच्या आवरणावर एक गाठ येत असे. ती आवरणाच्या पेशींपासूनच उद्भवते असे ठरवून त्यांनी तिला स्थानबद्ध ‘मेसोथेलिओमा’ म्हटले. दुसरी गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली होती. केशवाहिन्यांना बाहेरून बिलगून राहणाऱ्या पेशींची ती आहे असे मानून तिला ‘हिमॅन्जिओपेरिसायटोमा’ हे नाव दिले. हे दुसरे नाव अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या अहवालांत वावरले. परंतु २०१३ साली असे दिसून आले की फुप्फुसाच्या आवरणावरील त्या गाठीत गुणसूत्र क्रमांक १२ वरील शेजारशेजारची दोन जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात, आणि ‘हिमॅन्जिओपेरिसायटोमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतांश गाठींतही नेमका तोच दोष सापडला. एकाच वर्षी, एकाच प्रयोगशाळेने दोन नावांनी नोंदवलेले आजार बहुतांशी एकच होते! आज दोहोंनाही ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’ म्हणतात. पूर्वीची दोन्ही नावे मृदू ऊतकांच्या वर्गीकरणातून गळाली आहेत.

तिसऱ्या नावाची कथा अधिक बोधप्रद आहे. १९६३ साली स्टाऊट, मरे आणि त्यांचे सहकारी ओझेल्लो ह्यांनी काही घातक गाठींच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. त्या पेशी ‘हिस्टिओसाइट’ नावाच्या भक्षक पेशींसारख्या वागतात असे त्यांना दिसले. त्यातून ‘मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा’ ही जात रूढ झाली. शॅरन वाइस आणि फ्रान्झ एन्झिंगर ह्यांनी १९७८ मध्ये अशा २०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर प्रौढांच्या सार्कोमांत हेच निदान सर्वाधिक होऊ लागले. १९९२ साली लंडनच्या क्रिस्टोफर फ्लेचर ह्यांनी अशा १५९ गाठी नव्याने तपासल्या. त्यांतील बहुसंख्य गाठी प्रत्यक्षात निरनिराळ्या, निश्चित नाव देता येण्याजोग्या जातींच्या निघाल्या. २०१३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते नाव उरले नाही.

मग स्टाऊट चुकले, असे म्हणावे काय? गाठीचा उगम सांगताना ते काही ठिकाणी चुकले, हे निःसंशय. जनुके वाचण्याचे साधन त्यांच्या काळी नव्हते. परंतु गाठ कशी दिसते आणि रोग्याशी कशी वागते, ह्याविषयी त्यांनी जे नोंदवले त्यातील पुष्कळसे टिकले. १९६२ मधील त्यांचा अर्भके व बालके ह्यांच्या ‘फायब्रोसार्कोमा’वरील निबंध पाहावा. लहानग्यांच्या ह्या गाठी दिसायला मोठ्यांच्या कर्करोगासारख्याच असतात, पण त्या शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण पुष्कळच कमी असते, असे त्यांनी दाखवले. दिसण्यात साम्य असूनही वागण्यात फरक का, ह्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. ते १९९८ साली मिळाले. अर्भकांच्या ह्या गाठीत दोन जनुकांचा एक वेगळाच सांधा आढळला. त्या जातीच्या जनुकदोषावर नेमका घाव घालणारे ‘लॅरोट्रेक्टिनिब’ हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्या बालकांपुढे एके काळी हात वा पाय गमावण्याचेच संकट होते, त्यांना आज गोळी वा पातळ औषध देता येते.

आमच्या धर्मग्रामातील त्या तरुणाच्या गाठीचीही कथा अशीच आहे. ती फसवी गाठ १९५५ साली तीन अमेरिकन डॉक्टरांनी प्रथम वेगळी काढली. १९६१ मध्ये स्टाऊट ह्यांनी ती मुलांतही होते हे दाखवून तिच्याविषयी सावध केले. त्यापूर्वी अशा गाठीला सार्कोमा समजून किती जणांवर नको ती शस्त्रक्रिया झाली असेल, ह्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

निवृत्तीनंतरही स्टाऊट ह्यांचे अध्ययन थांबले नाही. १९६७ साली त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, ती त्यांचे उत्तराधिकारी राफाएले लात्तेस ह्यांच्या जोडीने. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. शल्य-विकृतिशास्त्रज्ञांची एक संस्था आजही त्यांच्या नावाने चालते.

पिढ्या बदलल्या तरी ही विद्या पुढे सरकते, ती जुन्या काचा आणि मेणाच्या वड्या जपून ठेवलेल्या असतात म्हणून. फ्लेचर ह्यांना जुनी निदाने पुन्हा तपासता आली, ती आधीच्यांनी पुरावा जपला होता म्हणूनच. ज्याला आपल्या निवाड्याची भीती वाटते, तो कागद फाडून टाकतो. स्टाऊट ह्यांनी आपला निवाडा लिहून ठेवला, त्याच्याशेजारी पुरावा ठेवला आणि रोग्याचे पुढे काय झाले तेही नोंदवले. आपल्यानंतर येणाऱ्याला आपली चूक दाखवता यावी, एवढी सोय त्यांनी करून ठेवली होती. अधिकाराच्या जागी बसणाऱ्या आम्हां सर्वांनाच हे शिकण्यासारखे आहे.

तो तरुण आता बापाला वाडीच्या कामात मदत करतो. कोपराखालचा बोटभर व्रण तेवढा राहिला आहे. त्याच्या गाठीची वडीही कोठल्या तरी कपाटात क्रमांक लावून ठेवलेली असेल.