पायांना आडोसा, इंजिनाला वारा

नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता मी आयुष्यात किती वेळा तुडवला असेल, याचा हिशोब माझ्यापाशी नाही. कधी कविसंमेलनासाठी, कधी लग्नासाठी, कधी मय्यतीसाठी. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर आणि मग लातूर. साधारण एकशेचाळीस किलोमीटरचा हा पल्ला. आता तो राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून ओळखला जातो. माझ्या तरुणपणी त्याला नंबराने कोणी ओळखत नसे. 'लातूर रोड' म्हटले की पुरे.

याच रस्त्यालगत लोहा तालुक्यात खंडोबाचे माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे मोठी यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार अवघ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. लहानपणी अब्बांबरोबर मी तो बाजार पाहिला. आम्ही गेलो होतो मात्र राजदूत मोटारसायकलवर. पहाटेची थंडी होती. मी मागे बसलो होतो, अब्बांच्या पाठीच्या आडोशाला. परतल्यावर अब्बा किती तरी वेळ चुलीपुढे गुडघे धरून बसले होते. अम्मी म्हणाली, "घोड्यावर गेला असतात तर पाय तरी गरम राहिले असते." तेव्हा आम्ही हसलो. आज वाटते, मोटारसायकलच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न अम्मीने एका वाक्यात सांगितला होता.

घोड्याच्या अंगाला ऊब असते. स्वाराचे पाय त्या उबेला टेकलेले असतात आणि घोडा काही तासन्‌तास वाऱ्याच्या वेगाने धावत नाही. मोटारसायकलचे तसे नाही. ती ताशी साठ किलोमीटरने धावू लागली की जिथे पानही हलत नाही तिथेही स्वाराच्या अंगावर ताशी साठ किलोमीटरचा वारा येतो. वेग दुप्पट झाला की या वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी साठच्या वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती थंडी पाच अंशांसारखी झोंबते. छातीला स्वेटर असतो, कानाला मफलर असतो. गुडघे आणि नडग्या मात्र उघड्यावर पडतात.

उन्हाळ्यात तऱ्हा उलटी. वारा लागला की गार वाटते, हा आपला नेहमीचा अनुभव. पण तो हवा कातडीपेक्षा थंड असेपर्यंतच खरा. आपल्या कातडीचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात नांदेडचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की समोरून येणारा वारा अंगाची उष्णता नेत नाही, उलट अंगाला उष्णता देतो. घाम सुकतो तेवढाच काय तो गारवा, आणि तो घाम शरीरातल्या पाण्यातूनच येतो. म्हणून आपला शेतकरी भर उन्हात दुचाकीवर निघताना डोक्या-तोंडाला ओली दस्ती गुंडाळतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि खिशात कांदा ठेवतो. कांद्याचे मला माहीत नाही, पण अंग झाकण्याची रीत शास्त्राला धरून आहे.

तेव्हा प्रश्न असा की, स्वाराला आडोसा कसा द्यायचा? याचे एक सुंदर उत्तर इटलीत मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पियाज्जो कंपनीने कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे स्वस्त वाहन बनवण्याचे काम दिले. हा माणूस विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या विद्येतला. मोटारसायकल त्याला आवडत नसे; ती घाणेरडी आणि गैरसोयीची वाटे. त्याने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर तयार केली. पुढे पायांसमोर सरळ पत्रा, आणि इंजिन मागे, चाकाजवळ, झाकणाखाली. चिखल नाही, तेल नाही, गुडघ्यांना वारा नाही. आपल्याकडे बजाजने हीच स्कूटर परवान्याखाली बनवली आणि १९७२ साली 'चेतक' आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण केलेल्या या स्कूटरवर मराठवाड्यातले किती मास्तर, किती कारकून, किती संसार पुढे गेले, ते सांगायला नको.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. स्कूटरचे इंजिन झाकले तरी चालते, कारण त्याला स्वतःचा पंखा असतो. इंजिन फिरले की पंखा फिरतो आणि झाकणाच्या आत हवा खेळती ठेवतो. साध्या मोटारसायकलला असा पंखा नाही. तिच्या सिलिंडरवर ज्या पातळ पट्ट्यांच्या चकत्या दिसतात, त्यांच्यामधून समोरचा वारा गेला तरच ते इंजिन थंड राहते. म्हणजे जो वारा स्वाराच्या पायांना नको, तोच इंजिनाला हवा. सगळी अडचण इथेच आहे.

युरोपातल्या कारागिरांनी या अडचणीशी बरीच झटापट केली. शर्यतीच्या गाड्यांना वाऱ्यातून सहज घुसता यावे म्हणून पुढून आवरण घालण्यात येऊ लागले. या आवरणाला फेअरिंग म्हणतात. इटलीच्या मोटो गुझ्झी कंपनीने १९५० च्या दशकात आपल्या कारखान्यातच वाऱ्याचा बोगदा उभारला. त्यात गाडी आणि स्वार बसवून वारा सोडायचा आणि आवरणाचा आकार ठरवायचा. या काळात पुढचे चाकही झाकून टाकणारी मोठी आवरणे निघाली. त्यांचा आकार पाहून लोक त्यांना कचऱ्याचा डबा म्हणत. वेग वाढला खरा, पण बाजूने वाऱ्याचा झोत आला की गाडी ढकलली जाई, हँडल हातात राहत नसे. अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५८ च्या हंगामापासून अशा आवरणांवर बंदी घातली.

रस्त्यावरच्या गाड्यांचा इतिहास थोडा शांत आहे. इंग्लंडमध्ये १९५८ साली एरियल कंपनीची 'लीडर' आली. तिला पायांसमोर आडोसे, वर काच आणि इंजिनाला बाजूंनी झाकणे होती. गंमत म्हणजे तिचे इंजिन आपल्या राजदूतसारखेच टू-स्ट्रोक आणि हवेवर थंड होणारे होते. पण दोन आडोशांच्या मधून समोरची हवा इंजिनापर्यंत जाई. अमेरिकेत १९७० च्या दशकात क्रेग व्हेटर या माणसाने कोणत्याही मोठ्या गाडीला बसेल असे आवरण विकायला काढले आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी ते उचलून धरले. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही गाडी पूर्ण आवरणासह कारखान्यातूनच बाहेर काढली. तिचे आवरण वाऱ्याच्या बोगद्यात घडवलेले होते, आणि सिलिंडर दोन्ही बाजूंनी बाहेर वाऱ्यात राहत होते.

हार्ले-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना पायांपुढे जे खालचे आवरण असते, त्याला तिकडे नुसते 'लोअर' म्हणतात. थंडीपावसात ते मोठे सुखाचे. उन्हाळ्यात मात्र इंजिनाची धग पायांशीच कोंडते, म्हणून कित्येक स्वार ते काढून ठेवतात. पुढे त्यात उघडझाप करता येणाऱ्या खिडक्या आल्या. २०१४ च्या काही गाड्यांत तर कंपनीने याच खालच्या आवरणात छोटे रेडिएटर बसवले. जे आवरण इंजिनाची हवा अडवत होते, त्याच्यातच इंजिन थंड करण्याची सोय केली.

आपल्याकडे एवढी चैन नव्हती. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, एकशेपंचाहत्तर सीसीची दणकट गाडी. दूधवाले, पशुवैद्य, ग्रामसेवक यांची ही लाडकी. तिला पुढे लोखंडी लेगगार्ड असे. थंडीत त्याच लेगगार्डला कोणी रेक्झीन बांधी, कोणी पोते बांधी, कोणी पत्रा ठोकी. हेच आमचे लोअर फेअरिंग. त्याची नोंद कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण मी ते पाहिले आहे आणि एकदा स्वतः लावून घेतले आहे.

आता ती गोष्ट सांगतो. १९९५ च्या डिसेंबरात अब्बांचे गुडघे फार दुखू लागले होते. नोकरी फिरतीची, गाडी सुटेना. मी नुकताच कमावता झालो होतो. देगलूर नाक्याजवळच्या एका मिस्त्रीकडे राजदूत नेली आणि लेगगार्डच्या दोन्ही बाजूंना पत्रे बसवून घेतले. माझा उत्साह एवढा, की मधली फटही पत्र्याने झाकायला लावली. मिस्त्री म्हातारा, अनुभवी. तो म्हणाला, "गाडीकू भी साँस लगती, भाई. होली हुई की ये पत्रे निकाल देना." मी हो म्हणालो. अब्बांना त्या हिवाळ्यात खरेच आराम पडला. ते दोस्तांना पत्रे दाखवून "पोराने केलंय" असे सांगत. होळी आली आणि गेली. ते पत्रे काढायला माझा हात होईना.

मे महिन्यात एका सकाळी लातूरहून फोन आला. अब्बांचे थोरले भाऊ, आमचे चच्चा, गेले. अब्बा त्या दिवशी घरीच होते. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. असरच्या नमाजनंतर दफन ठरले होते. एसटीची वाट पाहण्यापेक्षा गाडीने लवकर पोहोचू, असे मीच म्हणालो. अब्बा मागे बसले. लोह्यापर्यंत गाडी ठीक होती. पुढे चढ लागला, ऊन डोक्यावर आले, मी घाईने ॲक्सिलेटर पिळत राहिलो. माळाकोळीच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी एकदम जाम झाली. मागचे चाक फरफटले. क्लच दाबला म्हणून पडलो नाही एवढेच.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंजिन फार तापले की पिस्टन फुगतो, तेलाचा पातळ थर तुटतो आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. हे मला नंतर कळले. तेव्हा फक्त एवढेच दिसत होते, की पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता आणि अब्बा बाभळीच्या विरळ सावलीत घड्याळाकडे पाहत उभे होते.

गाडी थंड होईपर्यंत थांबलो. ती सुरू झाली नाही. बऱ्याच वेळाने एक टेम्पो मिळाला. लातूरला पोहोचलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. अब्बांना आपल्या भावाला मिट्टी देता आली नाही.

त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. रागावले असते तर बरे झाले असते. गाडी नांदेडला आणल्यावर त्यांनी स्वतः पाना घेऊन दोन्ही बाजूंचे पत्रे सोडवले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "राहू दे. तू माझ्या पायांसाठी लावले होतेस." त्या वाक्याने मला जेवढे लागले, तेवढे कोणत्याही बोलण्याने लागले नसते. पुढे किती तरी वर्षे मी त्या रस्त्याने जाताना माळाकोळीच्या पुढे आपोआप गाडी सावकाश करीत असे.

ते पत्रे अम्मीने उचलले. अंगणातल्या चुलीला पश्चिमेचा वारा लागत असे, तिथे तिने ते आडवे लावले. मी पाहिले, तर तिने खाली चार बोटांची फट ठेवली होती. विचारल्यावर म्हणाली, "सगळंच झाकलं तर जाळ धुमसतो." मिस्त्रीने सांगितलेले, युरोपातल्या कारागिरांनी वाऱ्याच्या बोगद्यात शोधलेले आणि मी न ऐकलेले तत्त्व अम्मीला चुलीने शिकवले होते.

आता काळ बदलला आहे. २००३ मध्ये करिझ्मा आली, तेव्हा अर्धे आवरण असलेली गाडी आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. आज नांदेड-लातूरची मुले मोठ्या गाड्या घेऊन लडाखपर्यंत जातात. काही जण लेगगार्डवर खालचे आवरण बसवून घेतात. त्यांच्या नव्या गाड्यांपैकी अनेकींना रेडिएटर आणि पंखा असतो. पण हवेवर थंड होणाऱ्या गाड्याही अजून भरपूर आहेत. जानेवारी २०२० पासून चेतक हे नाव विजेवर धावू लागले आहे. तिला सायलेन्सर नाही, पेट्रोलची धग नाही. तरी तिच्याही बॅटरीला उष्णता सोसत नाहीच.

या मुलांना मी दोनच गोष्टी सांगतो. एक कायद्याची : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही, तेव्हा काय बसवायचे ते आधी विचारून घ्या. दुसरी माझ्या अनुभवाची : आडोसा पायांपुढे असू द्या, सिलिंडरपुढे नको. मधली वाट मोकळी ठेवा. बाजूच्या वाऱ्यात गाडी सावकाश चालवा. आणि पत्रा असो, फायबर असो की रेक्झीन, होळी झाली की ते न विसरता काढून ठेवा.

अब्बा आता नाहीत. राजदूतही भंगारात गेली. त्यातला एक पत्रा अजून माझ्या गच्चीवर आहे. उन्हाळ्यात पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवतो, त्याच्यावर तो तिरपा टेकवून सावली करतो. खालून चार बोटांची वाट मोकळी असते.