कोळशाच्या जोडीला काडीकचरा

औष्णिक वीज केंद्र म्हटले की डोळ्यांपुढे कोळशाचे डोंगर उभे राहतात. त्या कोळशात थोडा लाकूडफाटा, थोडा पेंढा मिसळला तर? कल्पना साधी आहे. झाड किंवा पीक वाढताना हवेतला कार्बन घेते आणि जळताना तोच परत करते. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला असतो. तो जाळला की हवेत नवी भर पडते.

या कल्पनेची मोठी कसोटी लागली ती इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधील ड्रॅक्स येथे. १९७० च्या दशकात सुरू होऊन १९८६ मध्ये पूर्ण झालेले हे त्या वेळी जवळपास ४,००० मेगावॉटचे केंद्र ब्रिटनमधले सर्वांत मोठे. शेजारच्या सेल्बीच्या खाणी २००४ मध्ये बंद पडल्या. त्याच सुमारास इथल्या बॉयलरमध्ये कोळशाबरोबर जैवइंधन मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. आरंभी वाटा अल्पच होता. मग २०१३ पासून एकेक संच पूर्णपणे लाकडाच्या गोळ्यांवर नेण्यात आला. २०१८ पर्यंत सहापैकी चार संच बदलले आणि २०२१ मध्ये कोळशावरची नेहमीची वीजनिर्मिती थांबली.

पण एवढे लाकूड आणायचे कुठून? बराचसा माल अमेरिकेच्या दक्षिणेकडील जंगलांतून जहाजाने येऊ लागला. आंतरराष्ट्रीय हिशेबात लाकडाचा कार्बन धुराड्यापाशी धरत नाहीत, तोड झाली त्या देशाच्या खात्यावर मांडतात. त्यामुळे ब्रिटनच्या वहीत आकडा शून्य! नवे झाड तेवढे वाढायला मात्र काही दशके लागतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. उत्तर प्रदेशातील दादरी येथे एनटीपीसीने २०१७ मध्ये पिकांच्या अवशेषांच्या गोळ्या कोळशात मिसळायला सुरुवात केली. उत्तरेत भाताचा पेंढा शेतातच पेटवतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर दिल्ली गुदमरते. तोच पेंढा भट्टीत गेला तर दोन्ही दुखणी हलकी होतील, असा विचार त्यामागे होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोळशावरील केंद्रांना पाच टक्के जैवइंधनाचे बंधन घातले.

अडचणी आहेतच. पेंढ्यातल्या पोटॅशियममुळे राख लवकर वितळते आणि नळ्यांना चिकटते. काढणी आणि पुढची पेरणी यांत दिवस थोडे असतात. तेवढ्यात पेंढा गोळा करून, बांधून, वाहून नेण्याचा खर्च कुणी सोसायचा? आपल्या विदर्भातल्या पऱ्हाट्या-तुराट्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. शिवाय त्यांवर कित्येक घरांची चूल पेटते. त्या चुलीचे सरपण न हिरावता, वाया जाणारी काडी उचलली आणि तिचे दोन पैसे शेतकऱ्याच्या हाती पडले, तरच हा हिशेब खरा.