करवतीचा कान

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तह आणि लढाया उभ्या राहतात. पण एखाद्या लहानशा स्क्रूलाही इतिहास असतो. आज अशाच एका स्क्रूची हकीकत सांगायची आहे. झाडे तोडण्याच्या यांत्रिक करवतीवर, म्हणजे चेन-सॉवर, तो असे. अलीकडच्या अनेक करवतींवरून तो नाहीसा झाला आहे. तो का आला, का गेला, आणि जाताना कामगाराचे काय घेऊन गेला, ते पाहू.

पेट्रोल जळते ते हवेत मिसळूनच. हिशेब साधारण असा, की १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. हे मिश्रण करण्याचे काम कार्बोरेटरचे. १८९३ साली हंगेरीत बांकी व चोंका यांनी, आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला. नळीचा गळा अरुंद केला की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. अत्तराच्या फवाऱ्यात होतं, तेच हे.

पुढे जर्मनीतच आंद्रेआस स्टील याने १९२६ मध्ये विजेवरची आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची करवत केली. या दुसरीचे वजन ४६ किलो. म्हणजे दोघा गड्यांचे काम! त्या काळच्या करवतींत पेट्रोलची पातळी राखायला कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असे. करवत आडवी केली की त्याचे सगळे गणित चुके. म्हणून कित्येक करवतींत इंजिन उभेच ठेवून पाते तेवढे फिरवण्याची सोय करावी लागली. १९५० च्या दशकात फ्लोटच्या जागी लवचिक पडद्याचा कार्बोरेटर रूढ झाला. पडद्याच्या एका बाजूला बाहेरच्या हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला इंजिनाची ओढ. ओढ वाढली की पडदा सरकतो आणि सुईची झडप उघडतो. आता करवत तिरपी धरा, उलटी धरा, इंजिन आपले चालूच!

पण या पडद्याला ऋतू कळत नाही. पहाटेची थंड हवा घट्ट असते. तिच्यात पेट्रोल कमी पडते. डोंगरावरची हवा विरळ असते; तिच्यात पेट्रोल जास्त होते. हवेची गाळणी भुशाने तुंबली तरी तोच परिणाम. म्हणून कार्बोरेटरवर पेट्रोल कमीजास्त करण्याचे स्क्रू ठेवलेले असत. आपला मुख्य स्क्रू म्हणजे पूर्ण वेगाच्या वेळचा. तो चुकला तर काय होतं? करवतीचे इंजिन दोन फेऱ्यांचे, टू-स्ट्रोक. त्याला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच, बहुधा ५० भागांस १ भाग. पेट्रोल कमी झाले की तेलही कमी होते आणि उष्णता वाढते. मग पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. कारागीर म्हणतात, ‘इंजिन सीज झालं.’ ज्याचे पोट त्या करवतीवर आहे, त्याचा तो दिवस बुडाला आणि इंजिनही गेले.

यावर उपाय होता कानाचा. जाणता लाकूडतोड्या थ्रॉटल पूर्ण दाबून स्क्रू किंचित फिरवी आणि ऐके. मोकळे फिरताना इंजिन जरा बोबडे, घोगरे बोलावे, आणि लाकडात शिरताच त्याचा आवाज स्वच्छ व्हावा. एवढे जमले की मिश्रण बरोबर. ही विद्या पुस्तकात वाचून येत नसे. जुन्या गड्याशेजारी उभे राहून ती शिकावी लागे.

मग कायदा आला. टू-स्ट्रोक इंजिनातून बरेचसे कोरे मिश्रण न जळताच धुराड्यातून बाहेर पडते, आणि तो धूर पहिल्यांदा करवत धरणाऱ्याच्याच नाकात जातो. कॅलिफोर्नियात १९९५ पासून आणि साऱ्या अमेरिकेत १९९७ पासून अशा लहान इंजिनांच्या धुरावर मर्यादा आल्या. स्क्रूंवर टोप्या बसल्या. ते थोडेच फिरू लागले. हेतू चांगला होता, पण कामगाराची पंचाईत झाली: हवा बदलणार, आणि स्क्रू मात्र जखडलेला!

तुम्ही म्हणाल, मोटारींनी काय केलं? १९७६ साली बॉशचा प्राणवायू मोजणारा संवेदक व्होल्व्हो मोटारीत बसला, आणि धुरातला प्राणवायू पाहून पेट्रोल ठरू लागले. करवतीत हे सोपे नव्हते. न जळलेली हवा धुरात मिसळली की माप फसते. शिवाय तेलाची काजळी, आणि पेट्रोलच्या करवतीत बॅटरी नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस हुस्क्वर्नाने ‘ऑटोट्यून’ आणि त्याच सुमारास स्टीलने ‘एम-ट्रॉनिक’ पद्धत आणली. यात पेट्रोलच्या वाटेवर विजेने उघडझाप करणारी एक चिमुकली झडप असते. तिला वीज मिळते ती चाकावरच्या चुंबकातून. एक छोटा संगणक अधूनमधून क्षणभर पेट्रोल कमी करतो आणि फेऱ्या मोजतो. फेऱ्या वाढल्या तर आधी पेट्रोल जास्त होते. घटल्या तर कमी होते. त्याप्रमाणे तो झडप लावतो, आणि पुन्हा विचारतो.

जरा थांबून पाहा: हा प्रश्न नवा नाही. थोडे बदलायचे आणि इंजिन काय म्हणते ते ऐकायचे, हे जुना गडी तेच करीत होता. यंत्राने उत्तर शोधण्याची त्याचीच रीत उचलली.

यात लाभ मोठा आहे. धूर घटतो, पेट्रोल वाचते, आणि नवख्याच्या हातीही इंजिन सहसा सीज होत नाही. पण एखाद्या फटीतून जादा हवा शिरू लागली, तर यंत्र पेट्रोल वाढवून ती उणीव काही काळ झाकते. कानाला मिळणारी पूर्वसूचना हरवते. बिघाड शोधायला विक्रेत्याकडचे उपकरण लागते. स्वतःची करवत स्वतः लावण्याचा अधिकार असा कामगाराच्या हातून दुकानाकडे गेला. म्हणून नवी करवत घेणाऱ्याने किमतीबरोबर हेही विचारावे, की ती बिघडली तर दुरुस्त करणारा किती कोसांवर आहे?