रजिस्टरमधलं नाव

नर्स कोणाला म्हणायचं, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांपूर्वी जगात जवळपास कुठंच सरकारी उत्तर नव्हतं. हॉस्पिटलात तीन वर्षं घासून शिकलेली बाईही नर्स, आणि पैसे घेऊन आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बाईही नर्स. यादी करण्याचा कायदा आधी केला न्यूझीलंडनं, १९०१ साली. जानेवारी १९०२ मध्ये एलन डॉहर्टी हिचं नाव त्या यादीत पहिलं लागलं.

ब्रिटनमध्ये याच यादीवरून तीसेक वर्षं भांडण चाललं. एका बाजूला एथेल बेडफर्ड फेनविक. तिचं म्हणणं असं की, डॉक्टरांचं रजिस्टर असतं तसं नर्सेसचंही हवं, म्हणजे न शिकलेल्यांना स्वतःला नर्स म्हणवता येणार नाही. दुसऱ्या बाजूला साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तिचा नोंदणीला विरोध होता. चांगली नर्स तिच्या वागण्यातून कळते, परीक्षेतून आणि यादीतून कळत नाही, असं तिला वाटे. शाळेत आपल्याला कंदील घेऊन फिरणारी नाइटिंगेल शिकवतात, ही भांडणारी नाइटिंगेल कुणी शिकवत नाही. ती १९१० मध्ये वारली आणि डिसेंबर १९१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं नोंदणीचा कायदा केला. रजिस्टर उघडलं तेव्हा पहिल्या क्रमांकावर नाव होतं फेनविकबाईंचं.

मी सॉफ्टवेअरवाला. या जुन्या भांडणात शिरलो तो माझ्या मावसबहिणीमुळे. ताई माणिकपूरला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मुंबईत जीएनएम केलेलं, नऊ वर्षं वॉर्डात काढलेली. तान्ह्या बाळाची शीर तिला पहिल्या खेपेत सापडते. कादोडी बोलणारी म्हातारी 'कसंतरी होतंय' म्हणाली, तर ते पित्त आहे की हृदय, हे मॉनिटर लावायच्या आत तिच्या चेहऱ्यावर दिसतं. परदेशी नोकरीसाठी तिनं अर्ज केला आणि घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून कागद स्कॅन करण्याचं काम माझ्याकडे आलं. पुढचे चौदा महिने आम्ही दोघं एकाच गोष्टीशी झुंजत होतो. ताईच्या हातातल्या कामाबद्दल कुणालाच शंका नव्हती. अडलं होतं ते तिच्या नावात.

हे समजायला वसईचा थोडा इतिहास लागतो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढची दोनशे वर्षं इथं बाप्तिस्मा झाला, की माणसाला नवं नाव आणि पोर्तुगीज आडनाव मिळे. माणिकपूरचं सेंट मायकल चर्च १६०६ चं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले आणि आडनावं मागे राहिली. मराठीत आम्ही डिसोजा, डिमेलो असं सलग लिहितो, कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र 'डी' या अक्षरानंतर वर एक टिंब लटकतं, अपॉस्ट्रॉफी. ताईचं आडनाव त्यातलंच. दहावीच्या सर्टिफिकेटवर ते टिंब नाही. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत आहे. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी मशीन वाचतं. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार तिथं अपॉस्ट्रॉफी गाळून अक्षरं जोडतात. म्हणजे एकाच बाईची कागदावर दोन आडनावं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे टिंब चांगलं ओळखीचं आहे. डेटाबेसच्या भाषेत ते 'मजकूर इथं संपला' अशी खूण असतं, त्यामुळे आळशी प्रोग्रामर ते फॉर्ममध्ये टाइपच करू देत नाहीत. कागदपत्रं तपासणाऱ्या एका कंपनीनं ताईची फाइल 'नाव जुळत नाही' असं सांगून दोनदा परत पाठवली. तिच्या वेबसाइटवर ते टिंब टाकता येत नव्हतं. टिंब न टाकलं तर कौन्सिलशी जुळत नव्हतं.

हा फक्त आम्हा ख्रिस्ती लोकांचा त्रास आहे असं समजू नका. ताईबरोबर वॉर्डात असलेल्या मराठी हिंदू नर्सेसची गाठ आणखी घट्ट. नोंदणी झाली तेव्हा मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं आणि काही घरांत पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, कौन्सिलकडे दुरुस्तीचा अर्ज. मुंबईत नर्सिंग शिकायला आलेली पहिली भारतीय म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत बाई काशीबाई गणपत हे नाव देतात, साल १८९१. या नावाची बाई आज परदेशी फॉर्म भरायला बसली तर आडनावाच्या चौकटीत काय लिहील, असं मनात येतं.

तर रजिस्टर. १९१९ च्या ब्रिटिश कायद्याचं सहावं कलम मला वाचण्यासारखं वाटलं. साम्राज्याच्या एखाद्या भागात नर्सेसचं रजिस्टर असेल, तिथलं शिक्षण ब्रिटनपेक्षा कमी दर्जाचं नसेल आणि तो भाग ब्रिटिश नर्सेसना आपल्या रजिस्टरात घेत असेल, तर तिथल्या नर्सला ब्रिटनमध्येही नोंदणीचा हक्क. तुम्ही आमचं माना, आम्ही तुमचं मानू. प्रत्येक बाईची वेगळी परीक्षा नको, दोन रजिस्टरांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा. इंटरनेटवर आज दोन सर्व्हर एकमेकांची सर्टिफिकेटं मानतात, त्याच्याशी हे फार मिळतंजुळतं आहे. अर्थात दर्जा पुरेसा आहे की नाही, हे ठरवणार लंडनच.

हिंदुस्थानात अशी रजिस्टरं प्रांतवार झाली. मद्रासचा कायदा १९२६ चा, मुंबईचा १९३५ चा. १९४७ चं वर्ष संपता संपता इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. देशभर शिक्षणाचा दर्जा एक असावा आणि परदेशांशी परस्पर मान्यतेची बोलणी करता यावीत, हे त्याचं काम. पण यादी ठेवायचं काम राज्यांकडेच राहिलं. आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आणि त्याखालचं कौन्सिल. म्हणूनच केरळात शिकून वसईत नोकरीला लागलेल्या नर्सला आधी तिकडच्या कौन्सिलचा दाखला आणून इकडे नाव घालावं लागतं. परदेश लांब राहिला, विरार लोकलमध्ये शेजारी बसलेल्या दोन नर्सेस दोन रजिस्टरांतल्या असतात.

फिलिपिन्सची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ताई परीक्षेची तयारी फिलिपिनो नर्सेसचे यूट्यूब व्हिडिओ बघून करते. हात कसे धुवायचे, सलाइनची बाटली तपासताना मोठ्यानं काय म्हणायचं, हे मनिलाच्या मुली दाखवतात आणि माणिकपूरची बाई वहीत उतरवते. ८ डिसेंबर २०२० ला कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात, चाचण्यांबाहेरची फायझरची पहिली लस टोचणारा हातही फिलिपिनो होता, मे पार्सन्स यांचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तेव्हा त्यांना चोवीस वर्षं झाली होती.

हे आपोआप घडलेलं नाही. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तिथं अमेरिकी धर्तीची आणि इंग्रजीतून शिकवणारी नर्सिंग स्कूल सुरू झाली. १९४८ मध्ये अमेरिकेनं परदेशी लोकांना दोन वर्षं शिकायला बोलावण्याची योजना काढली. हॉस्पिटलांना ती स्वस्तात नर्सेस मिळवायची सोय म्हणून आवडली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं कायम राहायची वाट मोकळी केली. पण तिथं पोचलेल्या कितीतरी जणी राज्याच्या परीक्षेत अडकायच्या आणि मदतनीस म्हणून राबायच्या. मग १९७७ मध्ये परदेशी नर्सेसची मायदेशीच चाचणी घेणारी एक संस्था निघाली, तिचं संक्षिप्त नाव सीजीएफएनएस. दोन रजिस्टरांमध्ये आता तिसरा तपासनीस उभा राहिला.

त्या तपासनिसाचं वजन किती, हे २००६ मध्ये कळलं. त्या वर्षी जूनमध्ये फिलिपिन्सच्या नर्सिंग परवाना परीक्षेचा पेपर फुटला. सुमारे ४२ हजार जणांनी परीक्षा दिली होती, १७ हजारांच्या आसपास पास झाले होते. त्यातल्या मोजक्यांनी फुटलेला पेपर पाहिलेला. देशात खटले चालले, कुणी पुन्हा परीक्षा द्यायची यावर वाद झाला. २००७ च्या फेब्रुवारीत सीजीएफएनएसनं सांगून टाकलं: जून २००६ च्या पास विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र हवं असेल तर फुटलेल्या भागांची, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या पेपरची, परीक्षा पुन्हा द्या. रात्ररात्र जागून पास झालेली मुलगी आणि कोचिंग क्लासमध्ये उत्तरं आयती मिळालेली मुलगी, दोघी एकाच महिन्याच्या, म्हणून दोघी संशयित. सर्टिफिकेट देणाऱ्याची किल्ली चोरीला गेली की त्या किल्लीनं सही केलेली सगळी सर्टिफिकेटं रद्द करायची, हा नियम आम्हीही पाळतो. सर्व्हरला त्याचं वाईट वाटत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे व्यापम झालं, नीटचे पेपर फुटले. एखादा परदेशी तपासनीस उद्या 'अमुक वर्षाचे महाराष्ट्रातले सगळे संशयित' म्हणाला, तर ताई कुणाकडे दाद मागणार? लंडन किंवा बर्लिन तर राहू द्या, मंत्रालयाची पायरीही तिनं चढलेली नाही.

ब्रिटनमधला जुना हस्तांदोलनाचा काळ हळूहळू संपला. मधे एक टप्पा येऊन गेला, तो विसरू नये. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावर तिथं नर्सेस कमी पडल्या, वसाहतींमधून मुली आणल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना तीन वर्षांच्या पूर्ण नोंदणीऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम यादीत घातलं. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कित्येक जणींना हे नंतर समजलं, की मायदेशी या दुय्यम यादीला कुणी विचारत नाही. म्हणजे आत घेणारं दारही दोन उंचीचं होतं. आज परदेशी नर्सला आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, मग नोकरी लागून ब्रिटनमध्ये पोचल्यावर दहा स्टेशनांची प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनच्या रजिस्टरात परदेशी शिकलेल्यांमध्ये आता फिलिपिनोंपेक्षा भारतीय जास्त आहेत.

या परीक्षांना माझा आक्षेप नाही. उद्या माझ्या आईला कुणी इंजेक्शन देत असेल तर त्या व्यक्तीचं नाव कुठल्यातरी यादीत असावं, ती यादी खरी असावी, असं मलाही वाटतं. फेनविकबाईंचं बरोबर होतं. शिकलेल्या नर्सला मान आणि पगार मिळायचा तर यादी हवीच होती. पण तिनं यादी मागितली ती न शिकलेल्यांना बाहेर ठेवायला. शिकलेली, यादीत असलेली बाई केवळ दुसऱ्या देशातली म्हणून वर्षभर बाहेर थांबते, तेव्हा त्या वर्षाचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. फाइल अडलेली असताना ताई नाइट ड्यूट्या घेत होती, कारण भरती करणारे ताजा आणि सलग अनुभव मागतात. परीक्षांची फी, तपासणीची फी, भाषांतराची फी, पुन्हा तपासणीची फी. पैसे मावशीच्या सोन्यातून आले. फाइल अडवणाऱ्यांचा या काळात एक रुपयाही खर्च झाला नाही, उलट मिळालाच.

आता नवं दार जर्मनीचं. जर्मनीनं फिलिपिन्समधून नर्सेस आणायला २०१३ मध्ये ट्रिपल विन नावाची सरकारी योजना सुरू केली. २०२१ च्या डिसेंबरात केरळनं तसाच करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जण पाठवायचं ठरलं, त्यांत नर्सेसही. फिलिपिन्स जो रस्ता शंभर वर्षं चालला, त्यावर आपण सरकारी पाटी लावून आलो ते असे परवा-परवा. तिथंही आधी भाषा, मग मान्यता. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक विषयाचे तास त्यांना लागतात, शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून. त्यांच्यापेक्षा कमी भरलं तर तिकडे जाऊन पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि ती होईपर्यंत काम मदतनिसाचं, पगारही मदतनिसाचा. नऊ वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई पुन्हा बेडपॅन उचलण्यापासून सुरू करते. ताईला बेडपॅनचं काही नाही. तिचं म्हणणं, 'ते मी इथंही उचलते. फक्त मला सिस्टर म्हणा.'

२०२३ मध्ये संसदेनं नर्सिंगचा नवा कायदा केला. १९४७ च्या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग आणि देशभराचं एक ऑनलाइन रजिस्टर, असं त्यात आहे. मला त्यात सगळ्यात मोठं काम दिसतं ते डेटा एंट्रीचं. जुन्या वह्यांतलं नाव एकदा चुकीचं चढलं की पुढच्या प्रत्येक देशात ते चुकीचंच पोचणार. ते बांधणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझी मागणी अगदी छोटी आहे. जर्मन अर्जांत जन्माच्या नावासाठी वेगळी चौकट असते. आपल्या रजिस्टरातही तशी एक द्या, म्हणजे माहेरचं आणि सासरचं नाव एकाच ओळीत भांडणार नाही. आणि त्या चौकटीत अपॉस्ट्रॉफी टाइप होऊ द्या.