तळटीप १२ : 'आमची खाडी'

१२. 'खाडी' हा शब्द लेखकाने थट्टेने वापरला आहे. नांदेडला समुद्र कुठला! विष्णुपुरीला गोदावरी अडवल्याने मागे जो फुगवटा पसरतो, तो हा. जवळच्या माळावर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी, स्थापन झाले. शहराचा पुरोगामी पिंड मात्र त्याहून जुना : पीपल्स कॉलेज १९५० चे, आणि नरहर कुरुंदकर तिथलेच प्राचार्य. वसतिगृहातला लातूरकर सोबती या पाण्याकडे तासन्‌तास का बघत बसे, हे लेखकाने सांगितलेले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गल्लीत टँकर येईपर्यंत रिकाम्या घागरी रांगेत माणसांची जागा धरून असत.